लोकलमध्ये ऐकण्यासाठी व्हिडिओचा ऑडिओ: कन्व्हर्टचं बटण दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर

व्हिडिओ टाका, एमपी३ निवडा, डाउनलोड करा. काम एवढंच असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण तक्रारी तर रोजच कानावर येतात. कुणाची फाइल डाव्या कानातच वाजते, कुणाच्या फोनमध्ये ऑडिओऐवजी भलतंच ॲप येऊन बसलंय. कुणी ठाण्याला गाडीत चढून ऐकायला सुरुवात करतो आणि वाटेतल्या बोगद्यात आवाज बंद पडतो, कारण फोनमध्ये फाइल नव्हतीच, नुसती लिंक होती. बटण दाबताना सहसा कुणी चुकत नाही. गफलत होते ती त्याच्या आधी किंवा नंतर, म्हणून या लेखातही जास्त जागा त्या दोन टोकांनाच दिली आहे.

## १. कन्व्हर्ट करायची गरज आहे का, ते आधी बघा

निम्म्या लोकांचं काम याच पायरीवर संपतं.

व्हिडिओ फोनमध्ये आधीच असेल आणि जागेची अडचण नसेल, तर व्हीएलसी हे मोफत ॲप टाका. अँड्रॉइडवर त्यात व्हिडिओच्या शेजारच्या तीन ठिपक्यांमध्ये ‘ऑडिओ म्हणून चालवा’ असा पर्याय मिळतो. स्क्रीन बंद करा, फोन खिशात टाका, आवाज चालू राहतो. कन्व्हर्ट करायची भानगडच नाही.

झूमवरची मीटिंग किंवा क्लास स्वतःच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केला असेल, तर डॉक्युमेंट्समधलं झूमचं फोल्डर उघडा. व्हिडिओच्या शेजारी एम४ए प्रकारची फाइल बहुधा पडलेली असते. तो त्याच मीटिंगचा निव्वळ ऑडिओ. लोक ती बघतच नाहीत आणि शेजारची भलीमोठी एमपी४ फाइल अपलोड करत बसतात.

ज्या व्याख्यानाचा किंवा मुलाखतीचा व्हिडिओ आहे, ते पॉडकास्ट म्हणूनही निघालं आहे का, तेही शोधा. पॉडकास्टच्या ॲपमध्ये भाग रीतसर डाउनलोड होतो आणि कुठवर ऐकलं तेही लक्षात ठेवलं जातं.

तपासा: वरच्या तीनपैकी काही लागू पडत असेल तर थेट पायरी ८ वर जा.

## २. फाइल कुणाची आहे?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. लोकांच्या डोक्यात ‘व्हिडिओचा ऑडिओ’ म्हणजे ‘यूट्यूबची लिंक चिकटवा’ असंच बसलेलं आहे. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी स्वतः दिलेल्या सोयीशिवाय व्हिडिओ उतरवून घेता येत नाही. लिंक चिकटवून एमपी३ देणाऱ्या साइट त्या अटींच्या बाहेर आहेत. खोट्या जाहिराती आणि नको ते ॲप यांचा सुळसुळाटही तिथेच सर्वांत जास्त. यूट्यूबवरचं ऑफलाइन ऐकायचं तर ॲपमधलं डाउनलोडचं बटण वापरा. स्क्रीन बंद करून ऐकायचं असेल तर प्रीमियम घ्यावं लागतं. फुकटात तेच हवं असेल, तर या लेखात त्याची युक्ती सापडणार नाही.

मग कन्व्हर्ट काय करायचं? स्वतः चित्रित केलेलं, ज्यासाठी परवानगी मिळाली आहे ते, किंवा ज्याचा परवानाच मोकळा आहे ते. आजोबांच्या पंचाहत्तरीतली भाषणं, मुलीच्या शाळेतलं कथाकथन, क्लासच्या सरांनी ग्रुपवर दिलेला तास हे सगळं यात येतं. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमातली व्याख्यानं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत आणि त्यांच्या साइटवरून रीतसर उतरवता येतात. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी ऐरोली ते पनवेलच्या प्रवासात यासारखं दुसरं काही नाही. स्वतःच्या चॅनेलवरचा व्हिडिओ हवा असेल तर यूट्यूब स्टुडिओत तो परत डाउनलोड करायची सोय आहे.

सरांनी व्हिडिओ दिला असेल तर ऑडिओसाठीही एकदा विचारून घ्या. बरेच जण तो स्वतःच पाठवून देतात. स्वतःपुरतं ऐकणं वेगळं आणि तीच फाइल क्लासबाहेरच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं वेगळं.

सावध: ऑफिसच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग, पेशंटचा व्हिडिओ, सोसायटीच्या भांडणाची सभा, कोर्टकचेरीचं काही असेल, तर ते कुठल्याही ऑनलाइन साइटवर चढवू नका. महाप्याच्या आयटी पार्कात काम करणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे. फाइल अपलोड केली की ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेली. ‘काही तासांत डिलीट होते’ असं साइटवर लिहिलेलं असतं खरं, पण ते तपासायला तुमच्याकडे काही साधन नाही. अशा फायलींचा मार्ग पायरी ६ च्या शेवटी दिला आहे.

## ३. मूळ फाइल आधी नीट ऐका

हेडफोन लावा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी अर्धा-अर्धा मिनिट ऐकायचं. बघायचं ते असं:

आवाज दोन्ही कानांत येतोय का? कॉलर माइक लावून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तो अनेकदा एकाच बाजूला असतो. खोलीत स्पीकरवर ते कळत नाही, गाडीत एक इअरफोन काढला की वक्ता गायब. याचा उपाय सोपा आहे, तो पुढच्या पायरीत येतो.

सुरुवातीला ‘आवाज येतोय का, सर आवाज येतोय का’ किती वेळ चाललं आहे? शेवटी खुर्च्या सरकवल्याचा आवाज किती मिनिटं आहे? तो भाग आत्ताच कापा. फोनच्या गॅलरीतच व्हिडिओ ट्रिम करता येतो. दोन तासांच्या रेकॉर्डिंगमधून वीस मिनिटं गेली तर अपलोडही तेवढंच कमी. मात्र कापून उरलेला व्हिडिओ ‘प्रत म्हणून’ जतन करा, मूळ फाइलवर नाही.

आणि फाइलचा आकार पाहा. फोनवर चांगल्या दर्जात केलेलं तासाभराचं चित्रण काही जीबींचं होतं. १ जीबीची फाइल सेकंदाला १० मेगाबिटच्या अपलोडवर जायला साधारण चौदा मिनिटं लागतात, तेही लाइन अखंड राहिली तर. घरच्या वायफायवर करण्याचं हे काम आहे. स्टेशनवर गाडीची वाट पाहताना उरकू म्हणाल तर फसाल.

## ४. फॉरमॅट आणि बिटरेट: इथे घाई नको

बिटरेट म्हणजे आवाजाच्या एका सेकंदासाठी किती डेटा वापरला ते. तो केबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती हजार बिट असा मोजतात. बहुतेक लोक सर्वांत मोठा आकडा निवडतात, म्हणजे ३२० केबीपीएस. मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज, असा समज. प्रत्यक्षात मूळ व्हिडिओत जेवढा आवाज होता त्यापेक्षा चांगला तो कन्व्हर्ट करून होत नाही. फाइल तेवढी फुगते. हिशेब असा:

- ६४ केबीपीएस: तासाला सुमारे २९ एमबी
- १२८ केबीपीएस: तासाला सुमारे ५८ एमबी
- ३२० केबीपीएस: तासाला १४४ एमबी

व्याख्यान, प्रवचन, मुलाखत, अभ्यासाचा तास अशा निव्वळ बोलण्यासाठी ६४ केबीपीएस आणि मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) पुरतं. लोकलच्या खडखडाटात यातला आणि ३२० मधला फरक सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. गाणं, कीर्तन, तबला-पेटी असेल तर १२८ ते १९२ आणि स्टिरिओ (दोन कानांत वेगवेगळा आवाज) ठेवा. कीर्तनाला बोलणं समजून ६४ लावलं की टाळ चिरके ऐकू येतात.

मोनो निवडलं की पायरी ३ मधला एका कानाचा त्रासही मिटतो, कारण दोन्ही बाजू एकत्र होऊन दोन्ही कानांत सारख्या जातात. आवाज जरा हळू वाटला तर पुढे वाढवता येतो.

आता एमपी३ की एम४ए? एमपी४ व्हिडिओच्या आत आवाज बहुधा एएसी प्रकारचा असतो. तो जसाच्या तसा बाहेर काढला की एम४ए मिळते. त्यात दर्जा घटत नाही आणि वेळही फार लागत नाही. काही साइट हे ‘एक्स्ट्रॅक्ट’ नावाखाली देतात. एमपी३ करताना आवाज नव्याने दाबला जातो, म्हणजे थोडं नुकसान होतंच. तरीही गाडीतला जुना स्टिरिओ, देवघरातला पेनड्राइव्हवाला स्पीकर किंवा आईचा साधा फोन यांच्यासाठी एमपी३च घ्या. एम४ए त्यांतल्या अनेकांना कळत नाही. फक्त स्वतःच्या स्मार्टफोनवर ऐकायचं असेल तर एम४ए उत्तम.

सीबीआर (बिटरेट कायम सारखा) आणि व्हीबीआर (बिटरेट कमी-जास्त होणारा) असा पर्याय दिसला तर सीबीआर घ्या. व्हीबीआरची फाइल काही जुन्या प्लेअरमध्ये चुकीची लांबी दाखवते आणि पुढे ढकलली की भलतीकडे जाते.

सावध: फाइलच्या नावातलं ‘एमपी४’ खोडून ‘एमपी३’ लिहिलं म्हणजे ऑडिओ होत नाही. आकार तेवढाच राहिला तर ओळखा की आतला व्हिडिओ तसाच आहे.

## ५. साइट निवडताना

कुठली साइट चांगली, हे मी इथे सांगणार नाही. आज बरी असलेली साइट सहा महिन्यांनी जाहिरातींनी भरलेली असते. पारख करायला शिका.

बरी साइट ‘फाइल निवडा’ म्हणते, लिंक मागत नाही. आकाराची मर्यादा आणि फाइल किती वेळ ठेवतात ते सरळ लिहिलेलं असतं. साध्या कामासाठी ती खातं उघडायला लावत नाही आणि ॲप टाकायलाही सांगत नाही.

वाईट साइटवर काम झाल्यावर तीन-चार ‘डाउनलोड’ दिसतात. त्यातलं सर्वांत मोठं, हिरवं, चमकणारं बटण जवळजवळ नेहमी जाहिरातीचं असतं. खरं बटण बहुतेक वेळा लहान असतं आणि त्याच्या शेजारी तुमच्याच फाइलचं नाव असतं. कॉम्प्युटरवर असाल तर माउस बटणावर नुसता न्या, दाबू नका. खाली कोपऱ्यात पत्ता दिसतो. तो दुसऱ्याच कुठल्या साइटचा असेल तर सोडून द्या.

‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असा चौकोन आला तर ब्लॉकच दाबा. ती परवानगी असते नोटिफिकेशनची. ती दिली की दुसऱ्या दिवसापासून फोनवर ‘तुमच्या मोबाइलमध्ये १३ व्हायरस सापडले’ सुरू. आधीच दिली असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, आणि तिथून त्या साइटचं नाव काढून टाका. फोन फॉरमॅट करायला दुकानात न्यायची गरज नाही. दुकानदार तसं सांगेल, कारण त्याचे त्याला पैसे मिळतात.

तपासा: उतरलेल्या फाइलच्या नावाचं शेवटचं टोक बघा. एमपी३ किंवा एम४ए असेल तर ठीक. एपीके किंवा ईएक्सई (म्हणजे ॲप किंवा प्रोग्रामची फाइल) असेल तर उघडू नका, लगेच डिलीट करा. ‘व्याख्यान डॉट एमपी३ डॉट ईएक्सई’ असं दुहेरी टोक तर हमखास धोक्याचं.

काही साइट ब्राउझरच्या आतच काम करतात, फाइल बाहेर पाठवतच नाहीत. ते खरं आहे का हे तपासायची एक झकास युक्ती आहे. पान पूर्ण उघडू द्या, मग वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करा आणि एखादी बिनमहत्त्वाची छोटी क्लिप कन्व्हर्ट करून बघा. झाली, तर काम तुमच्याच मशीनवर होतंय.

## ६. प्रत्यक्ष कन्व्हर्ट

आता ते बटण. इथे क्रम पाळा, बाकी काही नाही.

आधी एका मिनिटाची क्लिप कापून तीच कन्व्हर्ट करा. फॉरमॅट, बिटरेट, मोनो सगळं जसं हवं तसं लावून. ती ज्या फोनवर किंवा स्टिरिओवर ऐकायची आहे, तिथेच वाजवून बघा. जमलं तर मग पूर्ण फाइल. दोन तासांचा व्हिडिओ चढवून शेवटी आवाज एकाच कानात आहे हे कळण्यापेक्षा हे बरं.

सेटिंग आधी लावा, फाइल नंतर चढवा. काही साइटवर सेटिंग बदललं की अपलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. फोनवरून करत असाल तर स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा आणि दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ नका. मधे व्हॉट्सॲप उघडलं की ब्राउझर मागे पडतो आणि अपलोड अर्ध्यावर लटकतं. एका वेळी एकच फाइल. दहा फायली एकदम टाकल्या की कुठली झाली आणि कुठली राहिली याचा पत्ता लागत नाही.

ज्या फायली बाहेर पाठवायच्या नाहीत त्या कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसीने करा. मीडिया या मेन्यूत ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ घ्या, फाइल जोडा आणि प्रोफाइलमध्ये ऑडिओ एमपी३ निवडा. मग नवी फाइल कुठे ठेवायची ते सांगा आणि स्टार्ट दाबा. इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, नव्या फाइलच्या नावाला एमपी३ हे टोक न देणं. दुसरी जास्त महागात पडते: नवी फाइल मूळ फाइलच्याच नावाने त्याच जागी ठेवणं. मूळ रेकॉर्डिंग पुसलं जातं आणि परत येत नाही. म्हणून ‘ऑडिओ’ नावाचं वेगळं फोल्डर आधीच करून ठेवा.

आयफोनवाल्यांना शॉर्टकट्स ॲपमध्ये ‘एन्कोड मीडिया’ नावाची क्रिया मिळते. तिच्यात ‘ऑडिओ ओन्ली’ चालू केलं की फोनमध्येच एम४ए तयार होते. मॅकवर क्विकटाइममध्ये फाइल मेन्यूतून ‘एक्स्पोर्ट ॲज’ आणि ‘ऑडिओ ओन्ली’.

## ७. झाल्यावर लगेच तपासा, मूळ व्हिडिओ नंतर पुसा

लांबी जुळते का? व्हिडिओ १ तास १२ मिनिटांचा आणि ऑडिओ २० मिनिटांचा असेल, तर अपलोड अर्धवट तुटलेलं होतं किंवा साइटने फुकट वापरात तेवढंच दिलं.

शेवटची दोन मिनिटं ऐका. फाइल बिघडली तर तिथेच कळतं.

आकार पायरी ४ मधल्या हिशेबाशी जुळतो का? तासाभराची फाइल ६४ केबीपीएसला ३० एमबीच्या आसपास हवी. ४०० एमबी दिसली तर काहीतरी चुकलं.

आवाज फारच हळू असेल तर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावा. एमपी३ सरळ उघडते. एम४ए किंवा व्हिडिओ उघडायचा असेल तर विंडोजवर त्याला एफएफएमपेग ही जोडणी वेगळी टाकावी लागते. गाडीत हळू आवाज ऐकू येत नाही म्हणून फोन शंभर टक्क्यांवर नेऊन कान दुखवून घेण्यापेक्षा पाच मिनिटांचं हे काम करून टाका.

## ८. नाव, फोल्डर आणि फोन

‘व्हिडिओप्लेबॅक (३)’ अशा नावाच्या फायली फोनमध्ये साठत जातात आणि पंधरवड्याने कुठल्या फाइलमध्ये काय आहे हे कुणालाच आठवत नाही. नाव आत्ताच बदला. आधी क्रमांक, मग विषय: ‘०१ अर्थशास्त्र चलनवाढ’, ‘०२ अर्थशास्त्र बँका’. एकआकडी क्रमांकाआधी शून्य द्या. नाहीतर अनेक प्लेअरमध्ये १ नंतर १०, ११ आणि मग २ असा क्रम लागतो. एमपीएससीचा अभ्यास ऐकणाऱ्यांच्या तोंडून ही तक्रार फार ऐकली आहे.

गाडीसाठी पेनड्राइव्ह करताना नाव रोमन अक्षरांत लिहा. जुन्या स्टिरिओंना देवनागरी दिसत नाही, चौकोन दिसतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट करा. फायली हव्या त्या क्रमाने, एकेक करून टाका, कारण काही स्टिरिओ नावाच्या नव्हे तर टाकल्याच्या क्रमाने वाजवतात. घोडबंदर रस्त्यावर अडकलेल्या गाडीत पुढचा भाग शोधत बसू नये, एवढ्यासाठी.

कॉम्प्युटरवरून फोनमध्ये आणायला केबल उत्तम. व्हॉट्सॲपने पाठवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे नाव तसंच राहतं. आणि फोनवर आल्यावर ती फाइल म्युझिक फोल्डरमध्ये हलवा. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्येच ठेवली तर चॅट साफ करताना तीही जाते.

तपासा, आणि हे चुकवू नका: घरीच फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा, आणि फाइल मधोमध एका ठिकाणी लावा. वाजली तर ती खरोखर फोनमध्ये आहे. वाजली नाही तर ती ड्राइव्हवर किंवा क्लाउडवरच आहे आणि तुम्ही फक्त तिची खूण बघत होतात. ड्राइव्हमध्ये दिसणं आणि फोनमध्ये असणं यात फरक आहे. हे बोगद्यात कळण्यापेक्षा आदल्या रात्री कळू दे.

ऐकताना प्लेअर असा निवडा जो थांबलेली जागा लक्षात ठेवतो. ठाणे ते वाशी म्हणजे जेमतेम अर्धा तास. दीड तासाचं व्याख्यान तीन फेऱ्यांत पुरं होतं, आणि दर वेळी जागा शोधत बसलात तर फेऱ्या चार होतात. वेग १.२५ पट ठेवला तर बहुतेक वक्ते नीट समजतात. गणित शिकवणाऱ्यांना मात्र सावकाशच ऐका. आणि इअरफोन घरी राहिला असेल तर त्या दिवशी ऐकणं राहू द्या. डब्यातल्या बाकीच्यांनी तुमचं अर्थशास्त्र मागितलेलं नाही.

## ९. तरी वाजत नसेल तर

फाइल दिसते पण प्लेअर उघडत नाही: व्हीएलसीत लावून बघा. तिथे वाजली तर फाइल ठीक आहे, तुमच्या प्लेअरला तो फॉरमॅट कळत नाही. एमपी३ करून घ्या.

फाइल म्युझिक ॲपमध्ये दिसतच नाही: फाइल मॅनेजरमधून डाउनलोड फोल्डर बघा. तिथून म्युझिकमध्ये हलवा आणि फोन एकदा बंद करून चालू करा.

आवाज हिंदीतून येतोय, व्हिडिओ मराठी होता: मूळ फाइलमध्ये दोन ऑडिओ ट्रॅक होते आणि साइटने पहिला उचलला. व्हीएलसीत व्हिडिओ लावून ऑडिओ मेन्यूतून ट्रॅक तपासा आणि ट्रॅक निवडता येईल अशाच ठिकाणी पुन्हा करा.

मधूनच आवाज तुटतो: मूळ व्हिडिओत त्याच मिनिटाला तुटतो का ते बघा. तिथेही तुटत असेल तर कितीही साइट बदलल्या तरी तो भाग मिळणार नाही. ज्याने रेकॉर्ड केलं त्याच्याकडे दुसरी प्रत मागा.